पिंपात मुरलेली भोपळ्याची बिअर आणि दाताचा दवाखाना

नोंदवही

मंडळी, प्रश्न हंगामी आहे आणि अर्ध्या ओतून दिलेल्या बाटलीचा आहे.

शेजारी ऑगस्टमध्ये दोन आठवडे बाहेरगावी गेले होते. त्यांच्या टोमॅटोंना मी पाणी घातलं, म्हणून परत आल्यावर त्यांनी दोन बाटल्या हातात ठेवल्या. छोट्या, बारा औंसांच्या, म्हणजे ३५५ मिलिलिटर. लेबलवर लिहिलंय: इम्पीरियल पम्पकिन एल (म्हणजे भोपळ्याची कडक बिअर), बर्बन व्हिस्कीच्या पिंपात नऊ महिने, अल्कोहोल १२.८ टक्के. ब्रुअरीचं नाव देत नाही. चूक त्यांची की माझी, हे आधी ठरू दे.

मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले, त्यामुळे चाखलेल्या प्रत्येक बिअरची वहीत नोंद ठेवायची खोड आहे. ही दोनशे एकोणिसावी. (घरात पिणारी मी एकटीच. नवरा ताकवाला. तो बाटली तेवढी उघडून देतो, कारण झाकणं त्याला कुंड्यांच्या तळाशी घालायला लागतात.) वहीतलं जसंच्या तसं उतरवते:

"२६ ऑगस्ट, संध्याकाळी साडेपाच, मागचं डेक. पारा ८८ फॅरेनहाइट. बाटली फ्रिजमधून काढून लगेच, नेहमीच्या उभ्या पाइंट ग्लासात. सोबत तिखट मसाला शेंगदाणे. रंग: काकवीचा, उजेडात धरलं तर कडेला तांबूस. फेस: दुधाच्या चहाच्या रंगाचा, आला तसा गेला. वास: लवंग. मग लवंग. मग दाताचा दवाखाना. चव: पहिला घोट गोड. दुसऱ्याला जिभेचं टोक बधिर. मागून दारूचा जाळ आणि पेन्सिल चावल्यासारखा तुरटपणा. भोपळा: शोधला, सापडला नाही. शेरा: निम्मी सिंकमध्ये. गुण: दहापैकी दोन."

दवाखान्याचं मी उगाच म्हणत नाही. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरतात तेव्हा तोंडात जो वास भरून राहतो ना, हुबेहूब तोच.

आता ऑक्टोबर लागलाय. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये समोरच्या मेपलनं अंगणभर सडा घातलाय, गल्लीत पायरीपायरीवर भोपळे येऊन बसलेत आणि दुसरी बाटली तळघरात आहे. ती पहिल्यासारखीच निघणार असेल तर पाहुण्यांच्या गळ्यात मारते. पण मला शंका येतेय ती वेगळीच: बाटली खराब होती, की मी चुकीची प्यायले, की ही चीज अशीच असते? ज्यांनी असल्या पिंपातल्या भोपळा बिअर प्यायल्या आहेत त्यांनी सांगा. "प्रत्येकाची आवड वेगळी" एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका.

---

आगाऊ_ग्राहक

ताई, भोपळा सापडला नाही कारण तो नसतोच. सगळा दालचिनी-जायफळाचा धंदा आहे. त्या प्रसिद्ध 'पम्पकिन स्पाइस लाटे' नावाच्या कॉफीचंच बघा. २००३ मध्ये बाजारात आली आणि त्यात खरा भोपळा पडला तो २०१५ मध्ये. बारा वर्षं लोक भोपळा म्हणून मसाल्याचं दूध पीत होते. बिअरवाल्यांनीही तेच धरलं. आता तर ऑगस्टमध्ये, लोक चड्डीवर हिंडत असताना, दुकानात भोपळ्याची चित्रं लागतात.

पाहुण्यांच्या गळ्यात मारा. नावडते पाहुणे असतील तर आधी मला कळवा, मी येतो.

---

घरची_भट्टी

नोंदवहीताई, तुमची नोंद वाचून मला माझी पहिली भोपळा बॅच आठवली आणि तोंडात लवंग आली.

मी ओहायोत राहतो, गॅरेजमध्ये पाच-पाच गॅलन बिअर करतो. त्या वर्षी हौसेनं हॅलोविनचे चार मोठे भोपळे आणले. आख्खा शनिवार ते भाजण्यात आणि खरवडण्यात गेला. ते नक्षी कोरायचे भोपळे असतात, आत सगळं पाणी आणि दोरे. तो लगदा माल्टबरोबर (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याबरोबर) गरम पाण्यात घातला (६६-६७ सेल्सियसला धरायचा असतो, म्हणजे माल्टमधली एन्झाइम भोपळ्यातल्या स्टार्चचीही साखर करतात) आणि तासाभरानं तोटी उघडली तर थेंब नाही. लगद्यानं खाली खळ धरली होती. रात्री अकरा वाजता मी नळीला तोंड लावून उलटी फुंकर मारत होतो, आणि बायको दारात उभी राहून व्हिडिओ काढत होती. पुढच्या वर्षीपासून डब्यातला भोपळा घेतो आणि त्यात भाताचं तूस मिसळतो. तुसानं वाट मोकळी राहते, चव काहीच येत नाही.

आणि एवढं करून भोपळ्याची चव किती आली? शून्य. आगाऊ_ग्राहक म्हणतात तसं भोपळा नसतोच असं नाही, पुष्कळ ब्रुअऱ्या खरा घालतात. पण भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. उरलेल्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागे राहतो तो थोडा गुबगुबीतपणा आणि नारिंगी झाक. आपल्याला भोपळ्याची म्हणून जी चव आठवते ती मुळात पाय नावाच्या गोडाच्या पदार्थाची, म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइसची. (ऑलस्पाइस म्हणजे सगळ्या मसाल्यांचं मिश्रण नव्हे, ती एकाच झाडाची वाळलेली फळं असतात. मला हे कळायला तीन वर्षं लागली.)

माझी चूक लवंगेत झाली. पाच गॅलनला लवंगपूड चिमूटभर पुरते, मी मोठा चमचा घातला. ती बिअर आठ महिने कुणी पिऊ शकलं नाही. टाकायचा कंटाळा केला म्हणून वाचली. दीड वर्षानं एक बाटली उघडली तर लवंग मागे सरकली होती, पुढे मनुका आणि जळक्या साखरेची चव आली होती. म्हणून माझं मत असं की दुसरी बाटली पुढच्या ऑक्टोबरपर्यंत उघडूच नका. १२.८ टक्क्यांची आहे, काही होत नाही तिला. पाच-सहा टक्क्यांची साधी भोपळा एल असती तर मी उलट सांगितलं असतं, ती वर्षभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते.

हल्ली मी मसाला उकळत घालतच नाही. आठवडाभर व्होडकात भिजवतो आणि शेवटी तो अर्क थेंबाथेंबानं, चाखत चाखत. आमटीत मीठ घालतो तसं.

---

रसायनी

(नाव गावावरून घेतलंय, पण पोटापाण्याचा धंदाही तोच.)

ताई, तुमचं नाक पक्कं आहे. दाताच्या सिमेंटमध्ये असतं ते युजेनॉल, आणि लवंगेचा वास म्हणजे मुख्यतः युजेनॉलच. जीभ बधिर झाली तीही त्यामुळेच, दाढ दुखली की लवंग धरायला सांगतात त्याला हेच कारण. आता गंमत बघा. ऑलस्पाइसच्या तेलातही मोठा वाटा युजेनॉलचाच. आणि ओकच्या लाकडातही ते असतं, लाकूड भाजलं की आणखी सुटतं. म्हणजे तुमच्या ग्लासात एकच माणूस तीन दारांनी आत आला होता. ब्रुअरनं मसाला पिंपात घालायच्या आधीच्या चवीवर ठरवला असेल आणि पिंप स्वतःची लवंग घेऊन येणार हे विसरला असेल, तर तुमच्यासारखी नोंद होते.

पण पिंप एवढंच देत नाही. बर्बनला कायद्यानं नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. त्यामुळे एकदा बर्बन काढलं की ते २०० लिटरचं पिंप बर्बनवाल्याच्या उपयोगाचं राहत नाही. मग ते स्कॉटलंडला जातं, रमवाल्यांकडे जातं किंवा बिअरवाल्यांकडे येतं. लाकडात मुरलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते, तुम्हाला लागलेला जाळ थोडा त्याचा. ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास तयार होतो, अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनमुळे ओल्या खोबऱ्याची आठवण येते, जळलेल्या थरातून कॅरमेल आणि किंचित धूर. पेन्सिल म्हणालात ते टॅनिन, लाकडातलं तुरट द्रव्य.

हे सगळं असूनही तुम्हाला लवंगच का भेटली? माझा संशय फ्रिजवर आहे. ३८-४० फॅरेनहाइटला गोडवा आणि व्हॅनिलासारखे मऊ वास दबतात, तुरटपणा आणि कडवटपणा मात्र टोचतात. लवंगेचा जोर इतका की ती थंडीतही ओरडते. त्यात तुम्ही तिखट शेंगदाणे खाल्ले. तिखटानं पेटलेल्या जिभेला अल्कोहोल दुप्पट झोंबतो. उभा पाइंट ग्लास वास धरून ठेवत नाही. आणि ८८ च्या उन्हात माणूस तहान भागवायला घोट घेतो, तो इथे चालत नाही. एका फटक्यात चार गोष्टी उलट्या!

भट्टीराव वर्षभर थांबा म्हणतात, मी म्हणतो आत्ताच उघडा. मसाला उतरेल हे खरं, पण लवंग सगळ्यात शेवटी उतरते. दालचिनी-जायफळ आधी जातील आणि उरेल तोच दवाखाना. निदान माझ्या कपाटातल्या बाटल्यांचा तरी असाच अनुभव आहे.

उघडताना ५५ फॅरेनहाइटच्या आसपास असू द्या. पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता असा ग्लास घ्या, तीन-चार औंसच ओता आणि तासभर पुरवा. सोबत तिखट नको. आंबट वास येतोय का तेही बघा. लाकडात जंतू राहतात, त्यांनी शिरकाव केला असेल तर व्हिनेगरसारखी आंबट लागेल किंवा उघडताच भसाभसा उतू जाईल. तुमच्या नोंदीत दोन्ही नाही, तेव्हा खराब नव्हती. (काही जण मुद्दाम आंबवतात. मिशिगनची जॉली पम्पकिन ब्रुअरी ओकमध्ये मुरवलेल्या बिअरसाठीच ओळखली जाते, त्यांची ला पार्सेला नावाची भोपळा बिअर आंबटच असते. तो वेगळा पंथ.)

---

कपाटातली_वाळवी

आगाऊ_ग्राहकांना एक दुरुस्ती. भोपळ्याचा धंदा त्या कॉफीच्या फार आधीचा आहे, फक्त तेव्हा उलटा होता. मसाला नव्हता, भोपळाच भोपळा होता.

वसाहतीच्या काळात इथे चांगलं माल्ट मिळणं कठीण आणि महाग, भोपळे मात्र परसात लोळत. म्हणून लोक त्याचाच रस आंबवत. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कागदांत १७७१ सालची 'पॉम्पियन एल'ची कृती आहे: भोपळे द्रोणीत कुटायचे, सफरचंदासारखे पिळायचे, रस तांब्याच्या भांड्यात बराच वेळ उकळून वरचा चोथा काढत राहायचा, मग हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून बिअरसारखं आंबवायचं. दालचिनीचं नावसुद्धा नाही. माल्ट सहज मिळायला लागल्यावर लोकांनी भोपळ्याकडे पाठ फिरवली, आवडीनं कुणी करत नव्हतं हे त्यातच आलं.

पुढे कॅलिफोर्नियात हेवर्डला बफेलो बिल्स ब्रुअरीच्या बिल ओवेन्सनं १९८० च्या दशकात ती परत आणली. भोपळ्याची चव उतरत नाही हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं पायचा मसाला घातला. भट्टीरावांना गॅरेजमध्ये जे कळलं तेच. आजची प्रत्येक मसालेदार भोपळा बिअर त्या एका तडजोडीची नातवंडं आहेत.

पिंपाचं म्हणाल तर कोलोराडोतल्या एव्हरी ब्रुअरीची रम्पकिन, नावाप्रमाणे रमच्या पिंपातली, १५ टक्क्यांच्या वर. मी एकदा चौघांत एक बाटली वाटून प्यायलो आणि तरी उरली. सिएटलच्या एलिजियन ब्रुअरीच्या भोपळा महोत्सवात तर अवाढव्य भोपळा पोखरून त्यातच बिअर भरतात आणि त्यालाच तोटी ठोकतात. पिंपच भोपळ्याचं! तिथे तरी चव उतरते का ते विचारायला कुणीतरी जाऊन या.

---

घरची_भट्टी

रसायनी, लवंग शेवटी उतरते हे मान्य नाही, माझ्या दीड वर्षाच्या बाटलीचं काय? पण ताईंकडे एकच बाटली आहे, दोघांचे प्रयोग होणार नाहीत.

अवांतर: डब्यातला जो भोपळा मी म्हटलं तो दिसायला भोपळ्यासारखा नसतोच, लांबुळका आणि तपकिरी-पिवळट असतो. डिकिन्सन जात, इलिनॉयमध्ये मॉर्टनच्या आसपास पिकते. बटरनट स्क्वॉशची सख्खी बहीण. आपला लाल भोपळाही बहुतेक त्याच कुळातला.

---

नोंदवही

सर्वांचे आभार. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे रसायनींचा पक्ष घेतला. काल शनिवारी उघडली.

तळघरात थर्मामीटर ५६ दाखवत होता, म्हणून फ्रिजमध्ये घातलीच नाही. फुगीर ग्लास नव्हता. ब्रँडीचा एक जुना आहे, मुलीनं कॉलेजात असताना कुठल्याशा लिलावातून आणलेला, तो घेतला. दुपारभर पानं ओढली होती, बोटं गार पडलेली, अंगात स्वेटर. चार औंस ओतले आणि समोर वही आणि घड्याळ ठेवलं. वहीतून:

"४.४०: लवंग आहेच. पण आता एकटी नाही, मागे काहीतरी गोड आहे. जीभ बधिर नाही (घोट छोटा घेतला म्हणूनही असेल).

५.००: ग्लास तळहातात धरला. व्हॅनिला. जुन्या लाकडी कपाटाचा वास. जाळ घशात नाही, छातीत, आणि बरा वाटतोय.

५.२०: खोबरं! रसायनींनी आधी सांगितलं नसतं तर मी ते लिहिलं असतं का, याची खात्री नाही. जळकी साखर मात्र मला आपली आपण सापडली, पुरणाची कढई खरवडताना लागते तशी.

५.४५: तळाशी आलेली. सगळ्यात चांगले दोन घोट हेच. लवंग अजून आहे, पण आता ती जेवणानंतरच्या विड्यातली."

सिंकमध्ये काही गेलं नाही. तरी बिअरवर मी पूर्ण खूश नाही. मसाला जास्तच आहे, आणि ज्याला नीट लागायला स्वेटर, तळघर आणि ब्रँडीचा ग्लास लागतो त्यानं बाटलीवर तसं लिहावं. लेबलवर मागे 'थंड करून प्या' एवढंच छापलंय. माझ्या मते निम्मी चूक त्या ओळीची, पाव मसाला घालणाऱ्याची आणि पाव माझी. शेंगदाण्यांची जबाबदारी मी घेते.

भट्टीराव, तुमच्या अवांतरानं माझी संध्याकाळ लांबवली. घरात डब्यातला भोपळा होता, म्हणून बिअर चाखता चाखता घारगे केले. गूळ, कणीक, थोडा रवा, जायफळ. डब्यातल्या भोपळ्याला पाणी कमी असल्यामुळे पीठ घट्ट झालं आणि दोन चमचे दूध घालावं लागलं, पण फुगले छान. उरलेले आठ औंस त्यांच्याबरोबर प्यायले. गोडावर गोड नको व्हायला असं वाटलं होतं, पण घारग्याच्या खरपूस कडेबरोबर बिअरचा तुरटपणा सुटून गेला. यापुढे शेंगदाणे बंद.

नवऱ्याला ग्लास हुंगायला दिला. त्यानं दोनदा हुंगला, एक घारगा तोडला, तोही हुंगला आणि म्हणाला, "भोपळा याच्यात आहे. तुझ्या ग्लासात नाही."

हेही वहीत लिहिलं. गुण दहापैकी साडेसहा, ऑगस्टचा दोन खोडला नाही, शेजारी ठेवला.

---

आगाऊ_ग्राहक

म्हणजे पाहुणा म्हणून माझा पत्ता कटला. घारगे उरलेत का?

---

नोंदवही

उरले नाहीत. झाकण तेवढं होतं, ते शेवंतीच्या कुंडीत गेलं.